जुन्या फोर बाय फोर डिझेलला इंजिन ऑइल कूलर बसवायचा असेल तर केवढा घ्यावा आणि कसा बसवावा?

जुनी टर्बो डिझेल गाडी, चढावर वजन ओढताना तापते, म्हणून ऑइल कूलर बसवायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. पण कूलर घेण्याआधी ऑइल खरंच तापतंय का ते मोजा. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा असतो, ऑइलचा नाही. पाणीच तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, व्हिस्कस फॅनचा (इंजिनावर चालणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याचा) क्लच पकडतो का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का हे आधी बघा. चोंदलेल्या रेडिएटरपुढे ऑइल कूलर लावलात तर रेडिएटरला आणखी गरम हवा मिळेल आणि दुखणं वाढेल.

संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती टाकी) किंवा ऑइल फिल्टरजवळ सेन्सर टाकून लांब चढावर आकडा पाहा. ९० ते ११० अंश सेल्सिअस अगदी ठीक. १३० च्या वर टिकून राहत असेल तर कूलर हवाच. उलट ऑइल कायम ८० च्या खाली राहिलं तर त्यात उतरलेलं पाणी आणि डिझेल उडून जात नाही. म्हणून सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या, साधी नको. ही प्लेट ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये बसते आणि ऑइल साधारण ८० अंशांना पोचलं की कूलरकडे वाट उघडते. तुमच्या इंजिनला कंपनीचा पाण्यावरचा ऑइल कूलर असेल तर तो काढू नका. थंड इंजिनात ऑइल लवकर गरम करायचं कामही तोच करतो.

प्लेट मागवताना फिल्टरचे आटे नीट मोजून घ्या. एम २० बाय १.५ (२० मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर) आणि पाऊण इंच १६ आट्यांचा (इंचाला १६ आटे), हे दोन्ही दिसायला सारखेच. व्यासात १ मिलिमीटरचाही फरक नाही. चुकीचा जोड हाताला बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली सुटू शकतो. प्लेटमुळे फिल्टर अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर येतो, तेव्हा सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर एक्सल किंवा स्टिअरिंगचा रॉड त्याला लागत नाही ना, तेही बघा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं असेल तर खरवडून काढा. रबरावर रबर बसलं की इंजिन चालू होताच ऑइल बाहेर.

आकाराचं म्हणाल तर अशा इंजिनाला १३ ते १९ ओळींचा (ओळ म्हणजे ऑइल वाहणारी एकेक चपटी नळी) कूलर बहुतेक वेळा पुरतो. तो रेडिएटरच्या पुढे, मध्ये थोडी फट सोडून, रबरी माउंटिंगवर बसवा. बंपरखाली नको, तिथे दगड आणि चिखल दोन्ही लागतात. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) सगळा चेहराही झाकू नका. कूलरची तोंडं वर असावीत; आडवी ठेवावी लागली तर ऑइल खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर जाऊ द्या, म्हणजे हवा अडकत नाही. तोंडं खाली मात्र नकोत.

माझ्या मते खरी मेहनत होजवर घ्यायला हवी. कूलर सहसा फुटत नाही, होज घासून फुटतो, आणि तो फुटला की काही क्षणांत संप रिकामा होतो. आतला व्यास १२ ते १४ मिलिमीटर, इंजिन ऑइलसाठीचा, दाब आणि तापमान छापलेला होज घ्या. पाण्याचा होज कधीच नको. थंड इंजिन चालू करताना दाब सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे होजच्या क्षमतेत हात आखडता घेऊ नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, कूलर बॉडीला असतो, म्हणून मध्ये होजला थोडी ढील ठेवा. दर ३० सेंटिमीटरला रबर लावलेला क्लॅम्प द्या. टर्बो आणि एग्झॉस्टपासून लांब न्या. स्टीलच्या जाळीचा होज ज्याला टेकतो त्याला करवतीसारखा कापतो, त्यावर बाहेरून बाही चढवाच.

होज कापल्यावर आतला रबराचा चुरा धुऊन काढा. सँडविच प्लेटमध्ये ऑइल कूलरहून फिल्टरकडेच परत येतं खरं, पण थंडीत फिल्टरचा बायपास (ऑइल न गाळता पुढे सोडणारी झडप) उघडला तर चुरा थेट बेअरिंगकडे जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे तसेच आत जातात. फिटिंग आवळताना दोन पाने (स्पॅनर) लावा: एकाने कूलरचा नट धरा, दुसऱ्याने होजचा फिरवा. नाहीतर ॲल्युमिनियमचं तोंड पिळून तडकतं.

कूलर आणि फिल्टर शक्य तेवढे भरून बसवा. १४ मिलिमीटरच्या होजमध्ये मीटरला सुमारे १५० मिलिलिटर ऑइल मावतं. कूलर धरून एकूण पाऊण ते एक लिटर जास्तीचं हाताशी ठेवा. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. मग वायर लावून इंजिन चालू करा, सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून बघा, बंद करून दहा मिनिटांनी लेव्हल पाहा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कूलर पूर्ण भरत नाही, म्हणून गाडी नीट गरम करून आणल्यावर लेव्हल पुन्हा पाहा. तेव्हा ती खाली गेलेली दिसू शकते.

आणि वापरलेला कूलर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आधीचं इंजिन बेअरिंग जाऊन बसलं असेल तर त्याचा धातूचा चुरा ओळींमध्ये अडकलेला असतो, आणि कितीही धुतला तरी सगळा निघतो असं नाही.