घरी बसून केबीसी खेळायला मजा कशी आणायची?

आमच्याकडे साधा नियम आहे, ऑप्शन दिसायच्या आधी उत्तर बोललं तर दोन मार्क, नंतर बोललं तर एक, आणि "मला येतच होतं" म्हणणाऱ्याला शून्य. हा शेवटचा नियम खास बाबांसाठी केलाय 😄 उत्तर वहीत लिहूनच ठेवायचं, नाहीतर सगळे एकमेकांची कॉपी मारतात. मोबाईल लांब ठेवा. सोनी लिव्हवर प्ले अलाँग असतं ते खेळा हवं तर, पण मग जो तो आपल्या स्क्रीनमध्ये आणि घरात शांतता, मला नाही आवडत.

ऑडियन्स पोल घरी करायचा असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकून बघा, ज्यांना येत नाही त्यांची मतं चार ठिकाणी विखुरतात म्हणून थोड्याच लोकांना येत असलं तरी बरोबर उत्तर वर येतं, फक्त प्रश्न फसवा असेल तर सगळेच मिळून बुडतात.

आणि आईला आधी विचारा बरं का. 2019 मध्ये अमरावतीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या तेव्हापासून आमच्या घरी स्वयंपाकघरातून आलेल्या उत्तराला कोणी हसत नाही.