जुन्या घराला आगीपासून जपायचं तर आधी बोर्ड उघडून बघा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आजोबांच्या काळातलं घर, वर लाकडी माळा, राहायला फक्त आई-वडील आणि तुम्ही पुण्यात. शेजारी मीटरजवळचा बोर्ड जळाल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय, म्हणून आग विझवायचं कोणतं सिलिंडर घ्यावं असं तुम्ही विचारलंय. सिलिंडरचं शेवटी सांगतो. ते आधी घेतलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि मुख्य काम तसंच राहतं. मी कोल्हापुरात घरांच्या वायरिंगची कामं करतो. पेठांमधले जळके बोर्ड उघडून बघितलेत, त्यावरून लिहितोय.

तुमच्या घरचं वायरिंग झालं तेव्हा चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच हिशोब होता. आज त्याच वायरवर फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर आणि इंडक्शन आहे. २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर करंट ओढतो, तेवढ्याच वॅटचा इंडक्शनही तितकाच. सकाळी एकाची आंघोळ आणि दुसऱ्याचा चहा एकदमच चालू झाला की १८ अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमच्या जुन्या वायरला हे झेपत नाही. ती भिंतीच्या आत तापत राहते, वरचं आवरण कडक होऊन तडकतं. मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच, सारखा पडायला लागतो आणि कुणीतरी येऊन १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवून जातो. लाईट जायची थांबते, घरचे खूश! मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते. एमसीबी वायरला जपण्यासाठी असतो. तो मोठा केला की त्या वायरला वाली उरला नाही. जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणं हाही तोच प्रकार.

पण एमसीबी अगदी योग्य असला तरी एक गोष्ट त्याला कळतच नाही, ती म्हणजे ढिला सांधा. स्क्रू सैल झालाय, किंवा नुसता पीळ मारून वर चिकटपट्टी लावलीय, अशा जागी समजा अर्धा ओहम अडथळा तयार झाला. त्यातून गिझरचे ९ अँपिअर गेले की त्या एका टोकावर ४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बोर्डाच्या आत डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. एमसीबीला मात्र ९ च अँपिअर दिसतात, तो पडणार कशाला? जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर सांधे आणखी लवकर सैल होतात. आईंना फोनवर एवढंच विचारा: गिझरचं बटण हाताला गरम लागतं का, सॉकेट तपकिरी पडलंय का, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा माशासारखा वास येतो का, गिझर लावला की दिवे फडफडतात का? यातलं एक जरी 'हो' असेल तर मेन स्विच बंद करून लायसनवाला वायरमन बोलवा. बोर्ड तुमच्यासमोर उघडायला लावा. गिझर आणि इंडक्शनला मेनपासून स्वतंत्र, निदान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, बसवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबून बघायला वडिलांना सांगा. ज्यांच्या घरात २०१९ किंवा २०२१ च्या महापुराचं पाणी शिरलं होतं, त्यांनी खालचे बोर्ड अजून बदलले नसतील तर आता बदलावेत. गाळ वाळतो, पण गंज आतच राहतो.

आता माळा. तुमच्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून पेटतो आणि शेणी, जळण माळ्यावर असतं असं लिहिलंय. जळण आधी खाली उतरवा आणि घराबाहेर कोरड्या जागी रचा. बंबातली राख वरून गार दिसते, आत निखारा कितीतरी तास जिवंत असतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत भरू नका. पत्र्याच्या डब्यात भरून पाणी मारून ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आपल्या डोळ्यांदेखत जळालं. राजर्षी शाहूंनी बांधलेली, १९१५ पासून उभी असलेली वास्तू. ती रात्र आठवली की अजून गलबलून येतं. जुनं लाकूड एकदा पेटलं की हातात फारसा वेळ राहत नाही, हे त्या रात्री सगळ्या गावानं बघितलं.

नवरात्रात अखंड दिवा असतोच. तो लाकडी देव्हाऱ्यात पडद्याजवळ न ठेवता खाली पितळी परातीत वाळू पसरून ठेवा, वर काच घाला. जुन्या घरात उंदीर असतात आणि तेलाच्या वासानं ते पेटती वातसुद्धा ओढून नेतात. डासांची कॉईलही पलंगाखाली नको.

गॅसचं थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. नळीवरची तारीख बघा, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. रोज रात्री रेग्युलेटर बंद. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नको, भडका छताला लागतो. गॅस बंद करायचा, ताट सरकवून कढई झाकायची आणि गार होईपर्यंत उघडायची नाही.

आता आग विझवायचं सिलिंडर. घ्यायचं ते आयएसआय शिक्क्याचं, एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारं), दोन किलोचं. आई-वडिलांना उचलता आलं पाहिजे. ते ओट्याशेजारी टांगू नका, तिथंच पेटलं तर हात पोचणार नाही. बाहेर पडायच्या दाराजवळ टांगा. त्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून बघा. दोन किलोची पावडर काही सेकंदांत संपते, म्हणून आग लहान असेल आणि पाठीमागे दार मोकळं असेल तरच वापरायचं, नाहीतर बाहेर पडून १०१. धुराचा बॅटरीवरचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर लावा. झोपेत माणूस आगीच्या आधी धुरानं बेशुद्ध होतो. मागच्या दाराचं कुलूप रात्री आतून लावत असतील तर किल्ली तिथंच खिळ्याला अडकवलेली हवी.

आणि पुढच्या वेळी घरी आलात की गल्लीतल्या तालमीच्या पोरांशी बोला. रात्री बोळाच्या तोंडाशी गाड्या लागतात, त्यामुळं अग्निशमनची गाडी आत येणं अवघड. तेवढं तोंड मोकळं ठेवायचं पोरांनी मनावर घेतलं तर होतं.