नाशिकमध्ये एक जुनी मर्सिडीज डब्ल्यू१२४ (जुनं ई-क्लास मॉडेल) ‘एएमजी’, म्हणजे मर्सिडीजची जास्त ताकदवान आवृत्ती, म्हणून विकायला आहे. खरी आहे की नाही, कसं ओळखू?

बिल्ला, बंपर, चाकं बघून भुलू नका, ती कुणीही बसवून घेतं. आधी आरसी मागा. पुण्यात १९९५ पासून जुळवलेली ई२२० असेल तर २,१९९ सीसी दिसेल. मग ती साधी मर्सिडीज. याच मॉडेलच्या एएमजी आवृत्तीचं, म्हणजे खऱ्या ई३६ एएमजीचं इंजिन ३,६०६ सीसीचं. इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर तेलकट थर पुसून स्वतः वाचा आणि आरसीशी ताडा.

बाहेरून आयात झालेली असेल तर काम अवघड. १९८०च्या दशकात एएमजी स्वतंत्र कंपनी होती, ग्राहकांच्या गाड्याही बदलून द्यायची. त्यामुळे चासी नंबरात त्या कामाची खूण सापडेलच असं नाही. तिथे त्या वेळचं बिल हाच खरा पुरावा. ते नसेल, तर साध्या डब्ल्यू१२४च्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.