प्रश्न तुमचे: कारखाना शिकतोय, हे मोजायचे कसे?

प्रश्न: भोसरीत आमचे २२ जणांचे मशीन शॉप आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ऑडिटमध्ये ‘संस्थेचे ज्ञान’ या कलमाखाली तुम्ही काय करता, असे विचारले गेले. आम्ही वर्षभरातल्या ट्रेनिंगच्या तासांचा तक्ता पुढे केला; ऑडिटरचे समाधान झाले नाही. मग दाखवायचे तरी काय?
– एक भागीदार, भोसरी

उत्तर: हे कलम ७.१.६, २०१५ च्या आवृत्तीत आलेले. कामाला कोणते ज्ञान लागते ते ठरवा, ते टिकवा आणि ज्याला लागेल त्याच्यापर्यंत पोहोचवा, एवढेच ते सांगते. ट्रेनिंगचे तास म्हणजे शिकवणीची फी भरल्याची पावती. पोरगा पास झाला का, ते तिच्यावर लिहिलेले नसते.

मोजायची जुनी आणि अजूनही चोख रीत विमानांच्या कारखान्यातून आली. बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली, की एका विमानामागची सरासरी मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते, हे अमेरिकी विमान अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये मांडले. यातली मेख अशी, की महिने मोजायचे नाहीत. त्या कामाची आजवर किती आवर्तने झाली ते मोजायचे. सहा महिन्यांत दोनच वेळा केलेले काम सहा महिन्यांचे ‘अनुभवी’ होत नाही.

तुमच्याकडे हे असे करा. वारंवार येणारा एकच जॉब, म्हणजे एकाच भागाचे काम, निवडा. मशीन तेच, फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) तेच. आधीच्या जॉबचा शेवटचा पीस उतरल्यापासून या जॉबचा पहिला पीस तपासणीत पास होईपर्यंतची मिनिटे प्रत्येक बॅचला लिहा. मशीन फिरू लागले की घड्याळ थांबवायचे, ही नेहमीची पळवाट. मग रिजेक्ट झालेले पहिले तीन पीस हिशोबात येतच नाहीत. समजा, पहिल्या बॅचला १२० मिनिटे लागली, दुसरीला १००, चौथीला ८५, आठवीला ७१. एक्सेलमध्ये बॅचचा क्रमांक आणि मिनिटे, दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या आणि स्लोपचा, म्हणजे रेषेच्या उताराचा, फॉर्म्युला लावा. उत्तर उणे ०.२५ च्या आसपास येईल. २ चा उणे ०.२५ वा घात म्हणजे ०.८४. तुमचा शिकण्याचा दर ८४ टक्के, म्हणजे प्रत्येक दुपटीला वेळ १६ टक्क्यांनी कमी. हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचू नका: ९० टक्केवाला कारखाना ८० टक्केवाल्यापेक्षा हळू शिकतो. या हिशोबाने सोळावी बॅच साधारण ६० मिनिटांत लागायला हवी. ७५ लागली, तर आधी त्या दिवशी वेगळे काय घडले ते विचारा.

आता फसगत कुठे होते ते. मध्येच नवे मशीन किंवा चांगले टूलिंग आले, तर उतरलेला वेळ पैशाने विकत घेतलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लिबर्टी जहाजांचे उदाहरण शिकण्याचा आदर्श म्हणून वर्षानुवर्षे सांगितले जाते. पण अर्थतज्ज्ञ पीटर थॉम्पसन यांनी २००१ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या वेगातला मोठा वाटा यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीचा निघाला, आणि काही वाटा दर्जा घसरू दिल्याचा. म्हणून आलेखावर मशीन बदलल्याची तारीख उभ्या रेषेने दाखवा आणि तिथून नवा स्लोप काढा. रिवर्कची, म्हणजे बिघडलेला पीस पुन्हा दुरुस्त करण्याची, मिनिटेही मूळ वेळेतच धरा. आणि मोजणी सुरू करण्याआधी तो जॉब ३० वेळा झाला असेल, तर तुमची पहिली नोंद म्हणजे ३१ वी बॅच. तिला १ म्हटले की दर विनाकारण सपाट दिसतो.

प्रश्न: आमचा जुना सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) सोडून गेला आणि सेटिंगचा वेळ दीडपट झाला. म्हणजे कारखाना काहीच शिकला नव्हता?
– प्रॉडक्शन सुपरवायझर, सातपूर

उत्तर: सेटर शिकला होता. कारखान्याने ते ज्ञान त्याच्याकडे ठेवायला दिले होते, इतकेच. संस्था विसरतातही: अमेरिकी लॉकहीड कंपनीच्या ट्रायस्टार विमानाचे उत्पादन मध्ये घटले आणि पुन्हा वाढवले, तेव्हा एका विमानामागचे कामाचे तास परत चढले होते. पेनसिल्व्हेनियातल्या ३६ पिझ्झा दुकानांच्या १९९५ च्या अभ्यासात एकाच मालकाची दुकाने एकमेकांकडून शिकलेली दिसली. वेगळ्या मालकाच्या दुकानातले शहाणपण मात्र शेजारी पोहोचले नव्हते. त्यातही कमावलेले ज्ञान झपाट्याने झिजत होते.

तुमच्यासाठी चाचणी सोपी आहे. दर तिमाहीत एकदा, नेहमीचा सेटर हजर असतानाच, दुसऱ्या माणसाला फक्त सेटिंग शीट देऊन जॉब लावायला सांगा. सेटरने बोलायचे नाही. दुसरा अडेल तिथे पेन्सिलने खूण करायची. दोघांच्या वेळेतला फरक म्हणजे कागदावर न उतरलेले ज्ञान. खुणा बहुधा त्याच त्या जागी पडतात: क्लॅम्प किती आवळायचा, पहिल्या पीसनंतर ऑफसेट (टूलच्या जागेतली दुरुस्ती) किती द्यायचा, कूलंटची धार कुठे धरायची. त्याच दिवशी शीट दुरुस्त करा. ‘नंतर टाइप करून घेऊ’ म्हटले की ते राहते.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात औषधांच्या चुकांचे रजिस्टर सुरू केल्यापासून नोंदी दुपटीवर गेल्या. व्यवस्थापन म्हणते, दर्जा ढासळला.
– गुणवत्ता विभाग, कोल्हापूर

उत्तर: नोंदींची संख्या हे चुकांचे माप नव्हे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये दोन रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे परिचारिकांचे नेतृत्व चांगले होते, तिथे चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. कारण तिथे बोलायची भीती नव्हती. नोंदी कमी करण्याचे उद्दिष्ट दिले, तर नोंदीच कमी होतील.

त्याऐवजी दोन आकडे पाहा. एक, गेल्या १२ महिन्यांत ज्या कारणावर उपाय ‘पूर्ण’ असा शेरा मारला, त्याच कारणाने पुन्हा झालेल्या घटनांचे प्रमाण. कारण ‘निष्काळजीपणा’ असे लिहू नका. त्या शेऱ्याखाली सगळेच बसते. ‘सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या एकाच खणात’ असे लिहा. दुसरा आकडा अर्धआयुष्याचा. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीतले आर्थर श्नायडरमन यांनी १९८० च्या दशकात तो प्रचारात आणला: एखादा दोष निम्म्यावर यायला किती महिने लागतात? ८ टक्क्यांवरून ४ वर यायला सहा महिने लागले, तर अर्धआयुष्य सहा महिने. त्याच गतीने २ टक्के गाठायला आणखी सहा. मात्र ज्या दोषाची मोजणी कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही, तिथेच तो वापरा, उदाहरणार्थ फार्मसीतल्या परत तपासणीत सापडलेल्या चुका.

प्रश्न: ‘आपली संस्था शिकते का?’ अशी प्रश्नावली कर्मचाऱ्यांकडून भरून घ्यावी का?
– एचआर, ठाणे

उत्तर: घ्या, पण निनावी, आणि इन्क्रिमेंटच्या महिन्यात नको. पाच जणांपेक्षा लहान विभागाचा निकाल वेगळा काढू नका; अक्षर न पाहताही माणूस ओळखू येतो.