प्रस्तरारोहण नुकतेच सुरू केले आहे. दुर्गम भागातील प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

हे प्रशिक्षण बहुधा दोनच दिवसांचे असते आणि त्यातील बराच वेळ प्रत्यक्ष सरावात जातो, म्हणून वाचनाचा भाग घरीच पुरा करून जावे. प्रौढ व्यक्तीला सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायचा तातडीचा उपचार) देताना छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. हे आकडे आधीच पाठ असलेले बरे.

सर्वांत मोलाची तयारी मात्र निरीक्षणाची आहे. लिंगाणा किंवा तैलबैला यांसारख्या सह्याद्रीतील दुर्गम कातळकड्यांवर अपघात झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गाडीरस्ता संपतो तिथवरच येऊ शकते आणि जखमीला तेथपर्यंत उतरवण्यात कित्येक तास जाऊ शकतात. या काळात नाडी, श्वास आणि शुद्ध यांची वेळेसह नोंद ठेवणे हेच सोबत्याचे मुख्य काम असते. त्यासाठी आठवडाभर घरातील माणसांची नाडी व श्वास मोजून लिहून ठेवा. प्रशिक्षकाने कितीही समजावले तरी बोटांना ही सवय सरावानेच लागते.

सर्पदंशाविषयीच्या जुन्या समजुतीही घरीच सोडून जा, कारण घोणस किंवा फुरसे चावल्यावर जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने करकचून आवळणे घातक ठरते.

सोबत स्वतःचे हेल्मेट, हार्नेस आणि नेहमीची प्रथमोपचार पेटी न्यावी. दमा असल्यास किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असल्यास प्रशिक्षकांना आधीच कळवावे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात.