रक्तावरनं पॅरालिसिस ओळखता येतो का?

प्रश्न: पहाटे वडिलांच्या हातातनं चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं, तासगाववरनं तसंच मिरजेला नेलं, तिथं सीटी स्कॅनच्या आधी आमची सही घेऊन रिसर्चसाठी रक्ताची एक ट्यूब जादा घेतली, ती कशाला?

उत्तर: त्यातली प्रोटीन्स मोजतात हो. हार्ट अटॅकला रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रोटीन बघतात ना, तसं मेंदूसाठी काय मिळतंय का हा शोध चाललाय. मोठी आशा आहे जीएफएपीवर, हे मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींमधलं प्रोटीन, मेंदूत रक्तस्राव होऊन झटका आला की पेशी फुटून ते थोड्याच तासांत रक्तात वाढतं, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आला असेल तर मात्र सावकाश वाढतं, म्हणून झटका कधी आला आणि रक्त कधी काढलं या दोन्ही वेळा नीट लिहाव्या लागतात, नाहीतर त्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

पण रक्तस्राव आहे की गुठळी, हे ठरवायला स्कॅन लागतोच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि रक्तस्रावात तेच जिवावर बेततं.

एवढ्या धावपळीत तुम्ही सही दिलीत, मला फार मोलाचं वाटतं. अशा अभ्यासात बहुतेक तीन महिन्यांनी विचारपूस करतात, वडील स्वतःचं स्वतः चालतात का, जेवतात का, तेवढं नक्की सांगा.