पट्टी दिसते, पण मोजणी आधीच सुरू होते

प्रश्न : मी चिपळूणला घरगुती मसाले, कोकम, मेतकूट करते. मुलाने वेबसाइट करून दिली आहे. युरोत भाव टाकल्यापासून जर्मनीतली मराठी मंडळीही मागवतात. त्यातल्या एकीने कळवलं, की तुमची साइट कुकीजची (पाहणाऱ्याच्या फोनमध्ये साइट ठेवते त्या छोट्या नोंदींची) परवानगी नीट घेत नाही. मुलगा म्हणतो, परवानगी विचारणारी पट्टी आहे, 'ठीक आहे' बटणही आहे. साइटवर किती जण आले त्या मोजणीचे आकडे आम्ही वर्षभरात उघडलेले नाहीत. चुकलं काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुमच्या गिऱ्हाइकाचं बरोबर आहे. मी तुमची साइट क्रोमच्या इन्कॉग्निटो, म्हणजे जुन्या कुकीज नसलेल्या, खिडकीत उघडली, एफ१२ दाबून कुकीज पाहिल्या. पट्टीला हातही लावला नव्हता, तरी गूगल अ‍ॅनालिटिक्स या मोजणीच्या सेवेची 'अंडरस्कोर जीए' कुकी येऊन बसली होती. तिच्यात एक लांबलचक आकडा असतो. तोच फोन पुन्हा आला की त्यावरून ओळखला जातो. तिची मूळ मुदत दोन वर्षं, क्रोम ती ४०० दिवसांवर आणतो. म्हणजे तुम्ही विचारताय खरं, पण उत्तर यायच्या आत काम उरकलेलं असतं. मला हे फार खटकतं.

युरोपातल्या लोकांना माल विकता, म्हणजे तिथले नियम तुम्हालाही लागतात. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. फ्रान्सच्या नियामकाने तर 'नको' म्हणणं 'हो'इतकं सोपं नाही म्हणून गूगलला १५ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यातही संमती स्वेच्छेची हवी, आणि ती देण्याइतकंच मागे घेणं सोपं हवं.

मुलाला सांगा, 'हो' आणि 'नको' ही दोन बटणं शेजारी-शेजारी, एकाच आकाराची ठेव, आणि 'हो' दाबल्यावरच मोजणीची स्क्रिप्ट चालू दे. पिशवीत टाकलेलं मेतकूट लक्षात ठेवणाऱ्या कुकीला परवानगी लागत नाही. तिच्याशिवाय दुकानच चालणार नाही.

पण तुम्ही आकडे वर्षभरात उघडलेले नाहीत म्हणता. मग कशाला हवी ती मोजणी? मी तुमच्या जागी असतो तर आजच काढून टाकली असती. नुसती पिशवीची कुकी उरली, की पट्टीही लावायला नको.